गुडघा वाकण्याइतकाच सरळ होणेही महत्त्वाचे

प्रश्न : माझे वय ६६ आहे. पाच आठवड्यांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. टाके निघाले आहेत, जखम भरली आहे आणि एक्स-रे चांगला असल्याचे डॉक्टर सांगतात. मी वॉकर सोडून काठीवर आले आहे. तरीही गुडघा सुजलेला असतो, हाताला गरम लागतो आणि रात्री दुखण्याने दोन-तीनदा जाग येते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर आहे. गुडघा ८५ अंशांपर्यंत वाकतो. पूर्ण सरळ मात्र होत नाही, म्हणून आराम पडावा यासाठी सून रोज रात्री गुडघ्याखाली उशी देते. माझ्या ओळखीच्या एका बाईंची शस्त्रक्रिया माझ्यानंतर झाली आणि त्या काठीशिवाय फिरू लागल्या. त्यांचे उदाहरण देऊन यजमान व्यायाम वाढवायला सांगतात. गेल्या आठवड्यात मी हट्टाने दुप्पट व्यायाम केला आणि पुढचे दोन दिवस मला पाऊल टाकवत नव्हते. मुलगा म्हणतो, गुडघा आपोआप वाकवणारे यंत्र भाड्याने आणू. डावा गुडघाही झिजलेला आहे आणि त्याचीही शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पण आता तो विचारही नको वाटतो. शस्त्रक्रिया करून चूक केली का, असे रोज मनात येते. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले तपशील एकत्र ठेवून पाहिले, तर शस्त्रक्रिया बिघडल्याची खूण मला त्यांत दिसत नाही. जखम भरली आहे, एक्स-रे समाधानकारक आहे, वॉकर सुटला आहे. सूज, उष्णता, रात्रीचे दुखणे आणि व्रणाशेजारचा बधिरपणा या गोष्टी पाचव्या आठवड्यात बहुतेकांना असतात. मात्र एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि माझे लक्ष सर्वांत आधी तिच्याकडे गेले : गुडघा पूर्ण सरळ होत नाही. तुम्हाला ८५ अंशांची चिंता आहे. मला त्याहून अधिक चिंता या उरलेल्या वाकाची वाटते. त्यावरचा पहिला उपाय आज रात्रीच करता येईल, तो म्हणजे गुडघ्याखालची उशी काढून टाकणे.

उशी घेतल्यावर बरे वाटते, हे खरेच आहे. सांध्यात पाणी साचलेले असताना गुडघा किंचित वाकलेला ठेवला की आतला दाब कमी होतो, म्हणून दुखरा गुडघा आपसूकच ती स्थिती शोधतो. तुमच्या सूनबाईंनी मायेनेच ती उशी दिली आहे, त्यांना बोल लावण्याचे काहीच कारण नाही. परंतु या आठवड्यांत सांध्याभोवती जखम भरून काढणाऱ्या नव्या ऊती तयार होत असतात, आणि रात्रीचे सात-आठ तास गुडघा वाकलेल्या स्थितीत पडून राहिला, तर सांध्यामागचे आवरण आणि मांडीच्या मागचे स्नायू त्याच स्थितीत आखडत जातात. दिवसभरात व्यायामाने जे मिळवले, ते रात्री हातचे जाते. पाय उंच ठेवायचा असेल, तर उशी पोटरी आणि टाचेखाली अशा रीतीने ठेवा की गुडघ्याखाली काहीच नसेल आणि तो आपल्याच वजनाने खाली सैल पडेल.

सरळपणावर मी इतका भर देतो, कारण प्रत्येक पावलात टाच जमिनीला टेकते त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ असावा लागतो. तो तसा होत नसेल, तर तो पाय आखूड असल्यासारखा पडतो, चाल लंगडी होते, आणि नुसते उभे राहतानाही मांडीच्या पुढच्या स्नायूंना क्षणभर विसावा मिळत नाही. पुढे कंबर आणि दुसरा गुडघा हा भार उचलू लागतात, आणि तुमचा दुसरा गुडघा तर आधीच झिजलेला आहे. वाकणे कमी राहिले तर जिना आणि बुटकी खुर्ची अडते. सरळपणा कमी राहिला तर साधे चालणेच अडते.

यासाठीचा व्यायाम दिसायला अगदी साधा आहे. पलंगावर पाठीवर पडा किंवा पाय लांब करून बसा. एका टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती टाचेखाली, घोट्याच्या किंचित वर ठेवा, म्हणजे पोटरी आणि गुडघा गादीपासून उचललेले राहतील. आता काहीही न करता पाच मिनिटे पाय तसाच सोडा. गुडघ्यामागे ओढ बसू लागेल. ती सहन होण्याजोगी असेल तर तो वेळ हळूहळू दहा मिनिटांपर्यंत न्या आणि दिवसातून तीन-चार वेळा हे करा. त्यानंतर गुंडाळी काढून गुडघ्यामागे तळहात सरकवा, मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा तळहातावर दाबा, पाच आकडे मोजा आणि सैल सोडा. तळहातावर पडणारा दाब हेच तुमचे मोजमाप. आज हात सहज आत-बाहेर सरकत असेल आणि पुढच्या आठवड्यात तो गादी आणि गुडघ्याच्या मध्ये अडकू लागला, तर प्रगती होते आहे असे खुशाल समजा.

त्याच वेळी वाटीच्या वरचा स्नायू नीट पाहा. तो कडक होऊन वाटीला वर ओढतो का? सुरुवातीला पुष्कळांना तो हलवताच येत नाही. मेंदूचा निरोपच जणू तिथवर पोहोचत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटते आणि त्याचे मोठे कारण असे, की सुजलेल्या व दुखऱ्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था त्या स्नायूला आवरून धरते. म्हणजे सूज ही केवळ दिसणारी अडचण नाही, ती स्नायूला काम करू देत नाही. तुमच्या दुप्पट व्यायामानंतर काय घडले, तेही यावरून समजेल. व्यायाम वाढला, सांध्यात पाणी वाढले, त्यामुळे स्नायू आणखी गळाला आणि दोन दिवस पाऊल टाकवेना. म्हणजे त्या दिवसांत हट्टामुळे तुम्ही पुढे न जाता मागेच गेलात.

मग किती करावे? याचे उत्तर यजमानांच्या आग्रहात किंवा त्या बाईंच्या उदाहरणात मिळणार नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच गुडघ्यात मिळेल. व्यायाम करताना ताण आणि दुखणे होणारच. ते तासाभरात, फार तर रात्रीपर्यंत पूर्वपदावर यायला हवे. सकाळी उठल्यावर गुडघा कालच्याइतकाच किंवा कमी सुजलेला असेल, तर आज एखादीच गोष्ट थोडी वाढवा : दोन आवर्तने अधिक किंवा चालणे पाच मिनिटे अधिक. दोन्ही एकाच दिवशी वाढवू नका. सकाळी सूज आणि दुखणे आदल्या दिवसापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तर व्यायाम बंद करू नका, पण निम्म्यावर आणा, बर्फाने शेका आणि पाय उंच ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटेच ठेवावा. आणि बधिर भागावर ठेवताना मधूनमधून त्वचा पाहत राहावी, कारण तिथे चटका बसला तरी तुम्हाला कळणार नाही. सूज मोजायची असेल, तर वाटीच्या मध्यावर मोजपट्टीने घेर घेऊन तो रोज सकाळी वहीत लिहावा. हे काम यजमानांकडे सोपवा. त्यांना तुमच्यासाठी काहीतरी करायचे आहे, आणि आग्रह करण्यापेक्षा ही नोंद तुमच्या अधिक उपयोगी पडेल.

आता वाकण्याबद्दल. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकला तरी पुरतो. जिना चढण्या-उतरण्यासाठी ८० ते १०० आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठण्यासाठी ९० ते १०५ अंश लागतात. म्हणजे तुमचे ८५ अंश चालण्यासाठी पुरेसे आहेत, खुर्चीसाठी थोडे कमी पडतात. पाचव्या आठवड्यात हा आकडा थोडा मागे आहे, पण गंभीर नाही. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर मागे सरकवत न्या, जिथे अडेल तिथे थांबा, पाऊल न हलवता शरीर किंचित पुढे सरकवा आणि दहापर्यंत मोजा. हेच दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडे थोडे केलेले, एकदाच खूप जोर लावण्यापेक्षा अधिक लाभ देते. वेदनाशामक गोळी घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने हा व्यायाम केला तर तो नीट करता येईल. गोळी टाळून दात-ओठ खाऊन केलेला व्यायाम बहुधा अर्धवटच होतो, कारण दुखण्याच्या भीतीने स्नायू आकसून धरलेले असतात.

दुसऱ्या कोणी गुडघा धरून जोराने दाबून वाकवणे मात्र कटाक्षाने टाळा, मग ती व्यक्ती कितीही अनुभवी असल्याचे सांगत असो. या आठवड्यांत पोटरी रगडून घेणेही टाळावे, कारण शिरेत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो.

यंत्राबद्दल मुलाला सांगा, की ते भाड्याने आणण्याची गरज नाही. गुडघा आपोआप वाकवून सरळ करणारी ही यंत्रे एके काळी शस्त्रक्रियेनंतर सर्रास वापरली जात. पुढे झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत, नेहमीच्या व्यायामाला यंत्राची जोड दिल्याने वाकण्यात पडणारा फरक फारच थोडा, जेमतेम दोन-तीन अंशांचा असल्याचे दिसले. याचे कारणही समजण्यासारखे आहे. यंत्र गुडघा हलवते, पण त्यात तुमचा स्नायू काहीच काम करत नाही, आणि तुम्हाला आज सर्वांत मोठी उणीव आहे ती स्नायूच्या ताकदीची.

फिजिओथेरपिस्टकडे जाणे चालू ठेवा आणि वाकणे व सरळपणा हे दोन्ही आकडे प्रत्येक भेटीत लिहून घ्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ते अजिबात हलले नाहीत, तर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता सर्जनना भेटा. गुडघा फारच ताठर राहिल्यास भूल देऊन तो वाकवण्याचा मार्ग असतो. तो सर्वांनाच लागत नाही, पण लागलाच तर शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या काळात त्याचा उपयोग अधिक होतो. नंतर आतल्या ऊती पक्क्या होत जातात. म्हणूनच ‘बघू, हळूहळू होईल’ असे म्हणत महिने घालवू नयेत.

रात्रीचे दुखणे ही या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत चिवट तक्रार. दिवसभराची सूज संध्याकाळनंतर जाणवते, लक्ष दुसरीकडे नसते आणि एकाच स्थितीत पडून गुडघा आखडतो. पहिले तीन महिने झोप तुटक राहणे नेहमीचे आहे. चालणे व व्यायाम यांचा मोठा भाग संध्याकाळच्या आत संपवा, झोपण्यापूर्वी बर्फ लावा आणि वेदनाशामकाची शेवटची मात्रा झोपेच्या वेळेशी कशी जुळवता येईल, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवू नका; एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या काही वेदनाशामकांचा या वयात मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाबावर परिणाम होतो, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. कुशीवर झोपायचे असेल तर डाव्या कुशीवर झोपून दोन्ही पायांच्या मध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत पुरेल अशी लांब उशी घ्या. जाग आली की तळमळत पडून राहू नका. उठून बसा, पावले वर-खाली हलवा, खोलीतल्या खोलीत काठी घेऊन चार पावले टाका आणि पुन्हा पडा.

बधिरपणाविषयी निश्चिंत राहा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूच्या उभ्या छेदात त्वचेच्या संवेदनेची एक बारीक नस आडवी येते आणि ती बहुधा कापली जाते. बधिर भाग वर्षभरात आक्रसत जातो, काहींना थोडा कायमचा राहतो. चालण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. गुडघा गरम लागणे सहा महिन्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक काळ टिकते. मधूनच ‘टक्’ असा आवाज येऊ लागला तर दचकू नका. धातू आणि प्लास्टिकचे पृष्ठभाग एकमेकांना टेकतात, त्याचा तो आवाज असतो.

काठी सोडण्याची घाई करू नका. ती डाव्या हातात, म्हणजे शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूला धरा. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा पाय आणि काठी आधी. काठीशिवाय दहा पावले चालून पाहा आणि घरातल्या कोणाला तरी मागून पाहायला सांगा. शरीर एका बाजूला झुकत असेल, तर काठी अजून हवी आहे. लंगडत काठीशिवाय चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणे केव्हाही चांगले, कारण या काळात पडलेली चालीची सवय पुढे मोडता मोडत नाही.

त्या ओळखीच्या बाईंशी तुलना करण्याआधी एक विचार करा. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे ज्या गोष्टींवर सर्वाधिक अवलंबून असते, त्यांत शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता ही प्रमुख आहे. त्यांचा गुडघा आधी किती वाकत होता, किती वर्षे वाकडा होता, दुसरा गुडघा धड आहे की नाही, मधुमेह आहे की नाही, मांडीत ताकद किती होती, यांतले काहीच तुम्हाला ठाऊक नाही. त्या चालू लागल्या याचा आनंद मानावा, पण त्यांच्या वेळापत्रकाने तुम्ही स्वतःला तोलू नये. तुमची तुलना तुमच्याच मागच्या आठवड्याशी व्हावी, आणि त्यासाठीच ती वही आहे.

चूक केली का, हा तुमचा प्रश्न मी हलक्याने घेत नाही. या शस्त्रक्रियेनंतर पाचांपैकी सुमारे चार जण समाधानी असतात आणि एकाला दुखणे किंवा अपेक्षाभंग उरतो, ही वस्तुस्थिती तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. परंतु पाचव्या आठवड्यात याचा निकाल लावताच येत नाही. बहुतेकांना रोजची कामे सहजपणे जमू लागायला तीन महिने लागतात, ताकद आणि सहजता वर्षभर वाढत राहते. तुटलेली झोप, दुसऱ्यावर अवलंबून राहणे आणि वेदनाशामकांचा परिणाम यांमुळे या दिवसांत मन खचते आणि पश्चात्तापाचे विचार येतात. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणांनी नेमक्या याच आठवड्यांत हेच बोलून दाखवले आहे. मात्र रोज रडू येणे, भूक जाणे, व्यायामाची इच्छाच न उरणे असे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते डॉक्टरांना गुडघ्याच्या तक्रारीइतक्याच स्पष्टपणे सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि मन सावरले की दुखणेही अधिक सहन होते.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नाहीत. पोटरीत नव्याने सुरू झालेले आणि वाढत जाणारे दुखणे व सूज, व्रणातून पाणी किंवा पू येणे, भोवतीची लाली पसरत जाणे, थंडी वाजून ताप येणे, पडल्यानंतर पाय सरळ उचलता न येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी सर्जनना कळवा. जखम स्रवू लागली तर घरात उरलेले प्रतिजैविक स्वतःहून सुरू करू नका. त्याने नेमका कोणता जंतुसंसर्ग आहे हे ओळखणे अवघड होते. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, तातडीने रुग्णालयात जा. आणि पुढे कधीही, कितीही वर्षांनी, शरीरात कुठेही जंतुसंसर्ग झाला तर डॉक्टरांना गुडघ्यात कृत्रिम सांधा असल्याचे आठवणीने सांगा, कारण रक्तावाटे जंतू तिथे पोहोचू शकतात.

राहिला डावा गुडघा. त्याचा निर्णय आज घेऊ नका, आणि आज तो कायमचा मोडीतही काढू नका. उजवा गुडघा सरळ होऊन त्यावर पूर्ण भार देता येऊ लागला, झोप सुधारली आणि काठीविना न लंगडता चालता आले, की मग डाव्याचा विचार करावा. त्याला सहसा तीन ते सहा महिने लागतात. तोवर डाव्या मांडीचेही व्यायाम उजव्याबरोबरच करत राहा. ते वाया जाणार नाहीत : शस्त्रक्रिया ठरलीच तर ताकद असलेला पाय लवकर सावरतो, आणि कधी कधी स्नायू बळकट झाल्यावर दुखणे इतके कमी होते, की शस्त्रक्रिया बऱ्याच काळासाठी पुढे ढकलता येते.